पहिली एअर रायफल कोणती घ्यावी?

मढीच्या जत्रेत फुगे फोडले नाहीत असा माणूस आमच्या तिसगावात शोधूनही सापडायचा नाही. गावापासून जवळच कानिफनाथांचा गड आहे. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत तिथली जत्रा चालते. रेवड्यांची दुकानं, पाळणे, गाढवांचा बाजार, आणि या सगळ्याच्या कडेला एका फळीवर रंगीत फुगे टाचून बसलेला माणूस. त्याच्याकडे मधोमध मोडणारी बंदूक असते. ती मोडायची, छर्रा घालायचा, सरळ करायची आणि चाप ओढायचा. मी आयुष्यातला पहिला नेम तिथे धरला आणि पाचही छर्रे फुकट घालवले. शेजारी उभे असलेले आजोबा म्हणाले, "आरं, सगळे उजवीकडं चाललेत. डावीकडं धर." आजोबांनी बंदूक कधी हातात घेतली नव्हती. पण ज्वारीच्या राखणीला माळ्यावर बसून गोफण चालवलेला माणूस तो. चूक पोराची आहे की बंदुकीच्या वाकड्या माशीची, हे त्यांना लांबून कळलं. सहावा छर्रा त्यांनी घेऊन दिला आणि फुगा फुटला.

पुढे मी सैन्यात गेलो आणि सतरा वर्षं हत्यारं दुरुस्त केली. निवृत्त होऊन गावी आलो तेव्हा वाटत होतं की बंदुकीतलं आपल्याला सगळं कळतं. एअर रायफलने हा समज सहा महिन्यांत उतरवला. ते कसं झालं ते सांगायला हवं, कारण आता गावातली आणि वस्त्यांवरची मुलं माझ्याकडे येतात आणि एकच प्रश्न विचारतात, "तात्या, कोणती घेऊ?"

पण आधी, कशासाठी घ्यायची ते पाहू. फील्ड टार्गेट नावाचा एक खेळ आहे. १९८० च्या सुमारास तो इंग्लंडमधल्या ससेक्स भागात सुरू झाला. जाड लोखंडी पत्र्यातून पक्ष्याचा किंवा सशाचा आकार कापतात. त्याच्या अंगात एक गोल भोक असतं, साधारण १५ ते ४५ मिलिमीटरचं. भोकाच्या मागे एक पट्टी. छर्रा भोकातून बरोबर गेला की पट्टीवर आदळतो, खिट्टी सुटते आणि पक्षी मागे आडवा होतो. पडला तर एक गुण. भोकाच्या कडेला लागला तर नुसता 'टण्' आवाज येतो आणि गुण शून्य. मग लांबूनच दोरी ओढायची, पक्षी पुन्हा उभा. लक्ष्यं सात-आठ मीटरपासून ५० मीटरपर्यंत कुठेही मांडलेली असतात, आणि ती किती लांब आहेत हे कोणी सांगत नाही. ते ज्याचं त्याने ओळखायचं. वारा, उतार, डोळ्यावर येणारं ऊन, सगळं त्यात आलं.

आमच्या वावराच्या कडेला एक जुनी खाण आहे. तिथे मी चार लक्ष्यं मांडली आहेत. गावातल्या वेल्डिंगवाल्याने जुन्या ट्रेलरच्या पत्र्यातून ती कापून दिली. दोन होले, एक ससा आणि एक कावळा. कावळ्याची चोच जरा बदकासारखी झाली आहे, पण खेळाला त्याने काही बिघडत नाही.

गेल्या वर्षी माझा पुतण्या अकरावीत गेला आणि त्याने मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. परदेशातला कोणी माणूस जमिनीवर बसून पन्नास मीटरवरचं लक्ष्य पाडत होता. बंदूक जराही हलत नव्हती. "तात्या, हीच घ्यायची," तो म्हणाला. ती होती पीसीपी, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी रायफल. त्याची निवड चूक नव्हती. या खेळातले बहुतेक अव्वल नेमबाज हीच वापरतात. मी त्याला एवढंच विचारलं की हवा कुठून आणणार? तो म्हणाला, "टायरवाल्याकडून."

इथेच आपल्यासारख्या गावातल्या माणसाचा प्रश्न सुरू होतो. आमच्या पाथर्डी रस्त्यावरच्या टायरवाल्याचा कॉम्प्रेसर आठ-दहा बारपर्यंत हवा दाबतो. ट्रकच्या टायरला तेवढी पुरते. पीसीपीच्या टाकीला लागतात सुमारे २०० बार. वीस-पंचवीस पट! एवढी हवा देणारा खास कॉम्प्रेसर महाग असतो. शहरात पाणबुड्यांच्या टाक्या भरणारे कोणी असतात, आमच्याकडे पाणबुड्या काय करणार? मग राहतो हातपंप. तो सायकलच्या पंपासारखा दिसतो, पण आत हवा टप्प्याटप्प्याने दाबली जाते. रिकामी टाकी भरायला शंभराच्या आसपास दांडे मारावे लागतात आणि शेवटचे वीस तर सगळं अंग टाकून. शिवाय हवेतला ओलावा टाकीत जातो, पावसाळ्यात जास्तच. सील गेलं तर ते सुटं मिळेल आणि बसवता येईल असा माणूस जवळ हवा. पंप, दुर्बीण आणि रायफल मिळून साध्या स्प्रिंगच्या बंदुकीच्या कितीतरी पट पैसे होतात, ते निराळंच.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. टायरवाल्याने नाही म्हटल्यावर पोराचं डोकं पुढे चाललं. वेल्डिंगवाल्याकडे ऑक्सिजनचा सिलिंडर असतो आणि त्यात दीडशे बारच्या आसपास दाब असतो, हे त्याने कुठूनतरी शोधून काढलं. "तेवढ्यात निम्मं तरी काम होईल ना?" मी त्या दिवशी त्याच्यावर जेवढा ओरडलो तेवढा आजवर कधी ओरडलो नसेन. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल-ग्रीस यांची गाठ पडली की ठिणगी नसतानाही भडका उडू शकतो. बंदुकीच्या आत सील आहेत, वंगण आहे, आणि चाप ओढताना तुमचा गाल त्या टाकीपासून वीतभर अंतरावर असतो. पीसीपीत फक्त कोरडी, साधी हवा भरायची. ऑक्सिजन नाही, वेल्डिंगचा दुसरा कुठला गॅसही नाही.

आता माझी स्वतःची फजिती. मी पहिली एअर रायफल घेतली ती खोक्यावरचा आकडा बघून. आकाशवाणीवर कंपनीचं नाव घ्यायचं नसतं आणि मला घ्यायचंही नाही, कारण दोष माझ्या हावरेपणाचा होता. सेकंदाला १२०० फूट, असं खोक्यावर लिहिलं होतं. मला वाटलं, जितका वेग जास्त तितकी बंदूक चांगली. हे आकडे बहुधा अगदी हलक्या छऱ्यावर मोजलेले असतात. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ११२५ फूट. छर्रा त्याच्या वर गेला की कडाका तर होतोच, पण तो पुन्हा त्या वेगाखाली येताना डळमळतो. तीस मीटरवर माझे दहा छर्रे जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत विखुरले. भोक चाळीस मिलिमीटरचं!

मी दोष बंदुकीला दिला. मग बंदूक आणखी घट्ट धरली, सैन्यात शिकवतात तशी, दस्ता खांद्यात रुतवून. ताटाची परात झाली.

स्प्रिंगच्या बंदुकीत काय घडतं ते समजून घेतल्याशिवाय ही गोष्ट कळत नाही. नळी मोडून खाली दाबता तेव्हा तुम्ही आतली दणकट स्प्रिंग दाबत असता. तिच्या पुढे दट्ट्या असतो, पिचकारीत असतो तसा. चाप ओढला की स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे झेपावतो, पुढची हवा दाबली जाते आणि ती हवा छर्‍याला ढकलते. म्हणजे बंदुकीत हवा साठवलेली नसते, ती त्या क्षणी तयार होते. दट्ट्या पुढे सुटताना बंदूक मागे येते आणि दट्ट्या टोकाला आपटतो तेव्हा पुढे जाते. हे दोन्ही धक्के सुरू होतात तेव्हा छर्रा अजून नळीतच असतो. चाप सुटल्यापासून छर्रा बाहेर पडेपर्यंत सेकंदाचा शंभरावा भाग तरी जातो. सैन्याच्या रायफलीची गोळी त्याच्या कितीतरी आधी नळी सोडून गेलेली असते.

म्हणून ही बंदूक धरायची रीत उलटी आहे. डावा हात उघडा ठेवायचा आणि तळहातावर बंदूक नुसती टेकवायची, चिमणीचं पिल्लू ठेवतात तशी. खांद्याला दस्ता जेमतेम लागला पाहिजे. तिला जसं उडायचं तसं उडू द्यायचं, फक्त प्रत्येक वेळी सारखंच. आणि छर्रा सुटल्यावरही डोळा माशीवरून हलवायचा नाही, मनात एक-दोन म्हणायचं. सतरा वर्षांची सवय मोडायला मला चार महिने लागले. मग मी मध्यम जोराची साधी स्प्रिंगची बंदूक घेतली आणि ताटाची वाटी झाली, वाटीची पुढे सुपारी.

मुलांना मी पहिली बंदूक म्हणून हीच सांगतो. तिला हवा लागत नाही, वीज लागत नाही, पंप लागत नाही. छऱ्यांची डबी खिशात टाकली की झालं. स्प्रिंग दमली तर नवी बसते. मात्र दाबलेली स्प्रिंग योग्य साधनाशिवाय उघडू नये, ती छातीत बसते. आणि ती चुका लपवत नाही. स्प्रिंगच्या बंदुकीवर तयार झालेला हात पीसीपीवर गेला की त्याला सुट्टीवर आल्यासारखं वाटतं. उलट प्रवास केलेले रडताना पाहिले आहेत. जागतिक फील्ड टार्गेट स्पर्धांतही स्प्रिंगवाल्यांचा गट वेगळा ठेवतात, ते उगाच नाही.

यातही दोन प्रकार आहेत. जत्रेतल्यासारखी नळी मोडणारी, आणि नळी जागेवर ठेवून खालची दांडी ओढायची. दुसरीत नळी हलत नसल्याने नेम जास्त टिकतो, पण ती जड आणि महाग. सुरुवातीला नळी मोडणारी पुरे. फक्त तिचं बिजागर सैल नाही ना, ते दुकानातच नळी आडवी हलवून बघा. छर्रा घालताना दुसऱ्या हाताने नळी घट्ट धरलेलीच हवी. चुकून चाप सुटला तर नळी फटकन वर येते आणि बोट सापडतं. छर्रा न घालता चापही ओढू नका, दट्ट्या कोरडाच आपटून सील फाटतं.

स्प्रिंगऐवजी आत दाबलेल्या गॅसची नळी असलेली बंदूकही मिळते. दुकानदार हल्ली हीच पुढे करतात. ती तासभर दाबून ठेवली तरी दमत नाही, हा तिचा गुण. धक्का मात्र तीक्ष्ण असतो, आणि गॅसची नळी गेली की ती अख्खीच बदलावी लागते. छोट्या कार्बन डायऑक्साइडच्या कुपीवर चालणाऱ्या बंदुकांच्या वाटेला या खेळासाठी जाऊ नका. त्या कुपीतला दाब हवामानावर ठरतो. २० अंशाला तो ५७ बारच्या आसपास असतो, १० अंशाला ४५ वर येतो. आमच्याकडे थंडीत सकाळी आणि दुपारी एकाच बंदुकीच्या दोन बंदुका होतील.

नळीचं माप किती? याचं उत्तर निम्मं कायद्यानेच दिलं आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठी नळी किंवा २० ज्यूलपेक्षा जास्त जोर असेल तर परवाना लागतो. त्याच्या आत असेल तर लागत नाही, पण दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेऊन नोंद करतो. मुलासाठी घ्यायची असली तरी बाप-काकाने स्वतःच्या नावावर घ्यावी, आणि पावती जपून ठेवावी. बिनपावतीची, 'जोर वाढवून देतो' म्हणून कोणी देऊ केलेली बंदूक हातातसुद्धा घेऊ नका.

हे २० ज्यूल कमी वाटतात का? हिशोब करू. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २४० मीटर वेगाने सुटला तर होतात साधारण १५ ज्यूल. जागतिक फील्ड टार्गेटची मर्यादाच १६ ज्यूलच्या थोडी वर आहे. म्हणजे बिनपरवान्याच्या बंदुकीत हा खेळ पुरता खेळता येतो. आणि ४.५ चा छर्रा तेवढ्याच जोरात मोठ्या छऱ्यापेक्षा वेगाने, म्हणून सपाट जातो. तरी तो खाली येतोच. माझी बंदूक २५ मीटरला लावलेली आहे. ४५ मीटरवर छर्रा जवळपास सहा सेंटीमीटर खाली लागतो. आणि गंमत म्हणजे दहा मीटरवरही सेंटीमीटरभर खालीच लागतो, कारण दुर्बीण नळीच्या वर बसवलेली असते आणि छर्रा तिच्या रेषेपर्यंत अजून चढलेला नसतो. अंतर ओळखता येणं हाच या खेळाचा अर्धा भाग का, ते यावरून कळेल. आजोबांना गोफणीतला धोंडा कुठे पडणार हे कळायचं, ते याच अंदाजाने.

पहिले तीन महिने दुर्बीण लावू नका. माशी आणि खाचेवर, पंधरा मीटरवर, रिकाम्या काडेपेटीवर हात बसू द्या. नंतर दुर्बीण घेताना एअर रायफलसाठीच बनवलेली घ्या. मी एका जुन्या सोबत्याकडची मोठ्या रायफलीची दुर्बीण बसवली होती. मोठ्या रायफलीचा धक्का एकाच दिशेने असतो, स्प्रिंगचा दोन्हीकडून. दीडशे-दोनशे छऱ्यांत आतली फुलीची तार तुटून लोंबायला लागली. छर्रे गोल डोक्याचे घ्या. सपाट डोक्याचे कागदावर स्वच्छ भोक पाडतात, ते दहा मीटरच्या नेमबाजीचे. लांब गेले की भरकटतात. दोन-तीन प्रकारच्या डब्या आणून बघा, प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. छर्रे शिशाचे असतात, तेव्हा तोंडात धरायची जत्रेतली सवय सोडा आणि नंतर हात साबणाने धुवा.

दहा मीटरचा विषय निघालाच आहे, तर ज्यांना शाळा-कॉलेजच्या, जिल्ह्याच्या, राज्याच्या स्पर्धा खेळायच्या आहेत त्यांनी माझं सगळं बाजूला ठेवावं. तो रस्ता वेगळा आहे. तिथे दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि जोर नावालाच लागतो. अंजली भागवत एनसीसीतून या खेळात आल्या आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये दहा मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोचल्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून घडला आणि २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक घेऊन आला. अशा मुलांनी आधी बंदूक विकत न घेता आधी रेंज आणि प्रशिक्षक गाठावा. तिथली बंदूक वापरायला मिळते.

आता जे ऐकायला काहींना आवडणार नाही ते. माझ्याकडे येणाऱ्यांतले निम्मे लोक खेळासाठी येत नाहीत. "डुक्कर पडेल का?" असं विचारतात. डोंगराकडेच्या वावरात रानडुकरं एका रात्रीत मका लोळवतात, मला ते माहीत आहे, माझाही गेला आहे. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये आमच्या पाथर्डी तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलं गेली. तेव्हा तर माणसं रात्री-अपरात्री दारात येऊन बंदूक मागत होती. त्या भीतीला मी हसलो नाही. पण अर्ध्या ग्रॅमच्या छऱ्याने बिबट्या थांबत नाही, चवताळतो. डुक्कर मरत नाही, जखम घेऊन आठ दिवस फिरतं आणि पुढच्या माणसावर येतं. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय डुक्कर, ससा, तितर, मोर काहीही मारणं गुन्हा आहे. एअर रायफलने मारलं म्हणून तो हलका होत नाही. बिबट्या दिसला तर वनखात्याचा १९२६ हा नंबर फिरवा.

जागेचंही तसंच. लक्ष्याच्या मागे मातीचा उंच बांध हवा. दगड चालत नाही. पहिल्या वर्षी माझं एक लक्ष्य खाणीच्या उघड्या खडकासमोर होतं. छर्रा खडकावरून परत आला आणि माझ्या गालाच्या हाडावर बसला, डोळ्यापासून दोन बोटं खाली. तेव्हापासून खडकापुढे मुरमाचे चार ट्रेलर ओतले आहेत, आणि चष्मा घातल्याशिवाय खाणीत कोणी उतरत नाही. बघायला आलेला असला तरी.

पुतण्याला दिवाळीत साधी स्प्रिंगची बंदूक घेतली. आठ दिवस तो माझ्याशी नीट बोलला नाही. मग काडेपेट्या संपायला लागल्या तशी त्याची आई माझ्याशी बोलेना. संक्रांतीच्या सुमारास ३५ मीटरवरचा होला पहिल्यांदा आडवा झाला. मी दोरी ओढून उभा केला, त्याने परत पाडला, आणि तिसऱ्यांदा वाऱ्याने हुकला. हुकल्यावर त्याने बंदुकीकडे न बघता बांधावरच्या गवताकडे बघितलं, ते मला बरं वाटलं.

पीसीपीचा हट्ट गेलेला नाही. मी त्याला सांगितलं आहे, चाळीस छऱ्यांत तीस लक्ष्यं पाड, म्हणजे पंपाचे निम्मे पैसे माझे. परवाच्या रविवारी तो तेवीसवर होता.